वऱ्हाडातील शेतकरी विधवांचे वारसाहक्क

वऱ्हाडातील शेतकरी विधवांचे वारसाहक्क म्हणजे पतीच्या मृत्यूनंतर त्याची शेतजमीन, राहते घर व इतर मालमत्ता यांवर पत्नीला कायद्याने मिळणारे अधिकार आणि ते नाकारले गेल्यास उपलब्ध असणारे उपाय. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम या जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्यांमुळे हा विषय विशेष महत्त्वाचा ठरला आहे. जमीन आणि कर्ज बहुधा पती, सासरे किंवा दीर यांच्या नावे असल्याने, शेतात राबणाऱ्या स्त्रीचे नाव पतीच्या निधनापर्यंत कोणत्याही अभिलेखात आलेले नसते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्र शासनाच्या २३ जानेवारी २००६ च्या निर्णयानुसार, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचे प्रकरण पात्र ठरल्यास कुटुंबास एक लाख रुपयांची मदत दिली जाते. पात्रता ठरविताना नापिकी, थकीत कर्ज व परतफेडीचा तगादा ही कारणे पाहिली जातात. जुलै २००६ मध्ये केंद्र शासनाने वऱ्हाडातील पाच जिल्हे व वर्धा यांच्यासाठी विशेष पॅकेज जाहीर केले. मात्र अशी मदत आणि वारसाहक्क या भिन्न गोष्टी आहेत. प्रकरण अपात्र ठरले तरी विधवेच्या वारसाहक्कास बाध येत नाही.

लागू होणारा कायदा

हिंदू उत्तराधिकार अधिनियम १७ जून १९५६ रोजी अमलात आला. त्या वेळी वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता. हा कायदा हिंदूंप्रमाणेच बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे. वऱ्हाडात बौद्धांची संख्या लक्षणीय असल्याने ही बाब महत्त्वाची ठरते. मुस्लिम विधवेस इस्लामी वारसा नियमांनुसार अपत्ये असल्यास एक अष्टमांश व नसल्यास एक चतुर्थांश हिस्सा मिळतो.

केंद्र शासनाने अधिसूचना काढून अन्यथा ठरविले नसेल, तर अनुसूचित जमातींना हा कायदा लागू होत नाही. त्यामुळे मेळघाटातील कोरकू समाजात वारसा रूढीनुसार ठरतो. स्त्रियांना वगळणारी रूढी सिद्ध झाली नसल्यास केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून वारसा नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका आदिवासी कुटुंबाच्या प्रकरणात दिला.

हिश्श्याचे स्वरूप

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता मरण पावल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत विधवा, मुलगे, मुली व आई हे पहिल्या वर्गातील वारस समान हिश्श्याने वारसा घेतात. मृत व्यक्तीचे वडील व भाऊ या वर्गात येत नाहीत. उदाहरणार्थ, चार एकर जमिनीच्या मालकामागे पत्नी, आई, एक मुलगा व एक मुलगी असल्यास प्रत्येकाचा हिस्सा एक एकर होतो.

जमीन वडिलोपार्जित असल्यास मृत्यूच्या लगतपूर्वी वाटणी झाली, असे कायदा गृहीत धरतो. या कल्पित वाटणीत पतीस जो हिस्सा मिळाला असता, तो वारसांकडे जातो. पती व मुलांमधील अशा वाटणीत पत्नीचाही स्वतंत्र हिस्सा धरावा लागतो. हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद खंडप्पा मगदूम विरुद्ध हिराबाई या खटल्यात मान्य केले. त्या कुटुंबात दोन मुलगे व तीन मुली होत्या आणि विधवेचा हिस्सा २४ पैकी ७ ठरला. तेव्हा मुली सहदायाद नव्हत्या. महाराष्ट्राने १९९४ मध्ये व केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून मुलींना हा दर्जा दिला. आजच्या कायद्यानुसार त्याच कुटुंबात विधवा व पाच अपत्ये यांपैकी प्रत्येकास एक षष्ठांश हिस्सा मिळेल.

विधवेस मिळालेला हिस्सा कलम १४ नुसार तिच्या पूर्ण मालकीचा असतो. पुनर्विवाह केल्याने तो परत जात नाही. सासऱ्यांची जमीन स्वकष्टार्जित असल्यास त्यांच्या हयातीत सुनेला तीत हिस्सा नसतो. सासरे मृत्युपत्राविना वारल्यास मात्र आधी मरण पावलेल्या मुलाचा हिस्सा त्याची विधवा व मुले यांना मिळतो. स्वतःच्या वा पतीच्या मालमत्तेतून निर्वाह होत नसेल, तर हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम १९ खाली सासऱ्यांकडील सहदायकी मालमत्तेतून निर्वाहखर्च मागता येतो. हा हक्क पुनर्विवाहानंतर संपतो.

पतीच्या कर्जासाठी वारस केवळ वारसाने मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेत जबाबदार असतात. विधवा स्वतः जामीनदार वा सहकर्जदार नसल्यास तिच्या स्वतंत्र मिळकतीतून वसुली करता येत नाही.

महसुली नोंद

मृत्यूनंतर वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वर्दी द्यावी, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४९ मध्ये आहे. मुदत टळली तरी हक्क संपत नाही. तलाठी फेरफार नोंद घेऊन हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घेऊन चौकशीअंती निर्णय होतो. निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येते.

सातबाऱ्यावरील नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते, परंतु विरुद्ध पुरावा देऊन ते खोडून काढता येते. नोंद मालकी निर्माण करीत नाही. त्यामुळे केवळ दिराचे नाव लागले म्हणून विधवेचा हिस्सा नाहीसा होत नाही. याउलट, नोंदणीकृत हक्कसोडपत्रावर सही केल्यास हिस्सा जाऊ शकतो. वारस नोंदीसाठी हक्कसोडपत्र आवश्यक नसते.

अज्ञान मुलांची नैसर्गिक पालक वडिलांनंतर आई असते. तथापि मुलांच्या हिश्श्याची स्थावर मालमत्ता विकण्यासाठी न्यायालयाची पूर्वपरवानगी लागते.

निवासाचा हक्क

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ नुसार सामायिक घरातून स्त्रीला कायदेशीर प्रक्रियेशिवाय काढता येत नाही, मग घर कोणाच्याही नावे असो. प्रभा त्यागी विरुद्ध कमलेश देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी विधवेचा हा हक्क मान्य केला. पतीच्या मृत्यूनंतर ती प्रत्यक्ष त्या घरात राहिली नसली तरी हक्क टिकतो, असे न्यायालयाने म्हटले. यासाठी संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

न्यायालयीन उपाय

वारस व सासरची मंडळी यांच्यातील वाटणीचा दावा दिवाणी न्यायालयात चालतो. कौटुंबिक न्यायालयाकडे प्रामुख्याने विवाह, पोटगी व मुलांचा ताबा यांसंबंधीची प्रकरणे जातात. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतून वगळले गेल्याचे समजल्यापासून बारा वर्षांच्या आत दावा दाखल करावा लागतो. दाव्यासोबत जमीन विकण्यास तात्पुरती मनाई मागता येते. शेतजमिनीच्या वाटणीचा हुकूमनामा झाल्यावर प्रत्यक्ष मोजणी व ताबा जिल्हाधिकाऱ्यांच्या यंत्रणेमार्फत दिला जातो. अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्रकरणे उच्च न्यायालयात गेल्यास ती मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे येतात.

विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार उत्पन्न कितीही असले तरी प्रत्येक स्त्री मोफत वकील मिळण्यास पात्र आहे. यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.

सद्यस्थिती

महिला किसान अधिकार मंच या संघटनेने २०१८ मध्ये विदर्भ व मराठवाड्यातील ५०५ शेतकरी विधवांची पाहणी केली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के स्त्रियांना पती कसत असलेल्या जमिनीवर हक्क मिळालेला नव्हता. कायद्यातील समान हिस्सा आणि सातबाऱ्यावरील नाव यांतील हे अंतर केवळ कागदोपत्री नाही. नावावर जमीन नसल्यास पीककर्ज, पीकविमा व नैसर्गिक आपत्तीतील अनुदान मिळविणेही अवघड होते आणि पतीच्या पश्चात शेती करणारी स्त्री शासनाच्या नोंदीत शेतकरी ठरत नाही.