उपनगरातले घर आणि प्रेक्षकांचा कौल

एखादे कौटुंबिक नाटक पाहून मंडळी घरी परततात तेव्हा वाटेत त्यांच्यात जो वाद होतो, त्याची नोंद बहुधा कोणी ठेवीत नाही. नाटककाराचे चरित्र लिहिले जाते, नटांच्या आठवणी छापल्या जातात, पारितोषिकांच्या याद्या जपून ठेवल्या जातात. पण ‘मला हे मुळीच पटले नाही’ म्हणणारा नवरा आणि ‘अहो, हे तर आपल्याच घरातले होते’ म्हणणारी त्याची बायको, या दोघांचा वाद इतिहासात जमा होत नाही. वास्तविक समाजाच्या इतिहासाला तोच फार उपयोगी असतो. कारण घराचे चित्र समोर उभे राहिले म्हणजे माणूस कलेविषयी बोलता बोलता नकळत स्वतःविषयी बोलू लागतो.

अशाच एका वादाचा इतिहास आज आम्हांला सांगावयाचा आहे. वाद अमेरिकेतला आहे आणि तो ‘अमेरिकन ब्यूटी’ या १९९९ साली निघालेल्या चित्रपटाविषयीचा आहे. अॅलन बॉल या लेखकाने ही कथा प्रथम नाटक म्हणून लिहावयास घेतली होती, आणि ती पडद्यावर आणणारा सॅम मेंडिस हा इंग्लंडच्या रंगभूमीवरचा दिग्दर्शक होता. चित्रपट त्याने त्यापूर्वी एकही केला नव्हता. तेव्हा नाटकाचा संस्कार या कृतीवर मुळापासूनच आहे, आणि आम्हीही तिचा विचार एक गृहनाट्य म्हणूनच करणार आहोत.

कथा थोडक्यात अशी. लेस्टर बर्नहॅम हा बेचाळीस वर्षांचा गृहस्थ एका नियतकालिकाच्या कचेरीत नोकरी करतो. त्याची पत्नी कॅरोलिन घरे विकण्याची दलाली करते. जेन ही त्यांची एकुलती एक मुलगी. घर टुमदार, दार लाल रंगाचे, अंगणात गुलाब. परंतु तिघे एका मेजावर जेवावयास बसतात ती तीन परकी माणसे बसावीत तशी. लेस्टरला एक दिवस या जिण्याचा उबग येतो. तो नोकरी सोडतो, खाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या हातात पुड्या देण्याचे काम पत्करतो, तरुणपणी हवीशी वाटलेली लाल मोटार विकत घेतो, आणि मुलीच्या शाळकरी मैत्रिणीच्या मोहात पडतो. शेवटच्या क्षणी तो भानावर येतो. पण त्याच रात्री शेजारच्या कर्नलाच्या हातून त्याचा खून होतो. आपण मरणार हे त्याने प्रेक्षकांना प्रारंभीच सांगून ठेवलेले असते.

या कृतीचा गौरव झाला तो साधासुधा नव्हे. टोरांटोच्या चित्रपट महोत्सवात १९९९ साली प्रेक्षकांच्या पसंतीचे पारितोषिक तिला मिळाले. २००० सालच्या ऑस्कर समारंभात आठ नामांकनांपैकी पाच पारितोषिके तिने नेली: सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, मूळ पटकथा, छायाचित्रण आणि प्रमुख नट. सुमारे दीड कोटी डॉलरांत तयार झालेल्या या चित्रपटाने जगभर पस्तीस कोटींच्या वर उत्पन्न मिळविले. आणि तरीही प्रेक्षक एकमताचे झाले नाहीत. किंबहुना गौरव जसा वाढत गेला तसा मतभेदही वाढत गेला.

मतभेदाचे स्वरूप समजण्यासाठी एकच प्रवेश घेऊ. पतिपत्नींचा बरेच दिवसांचा अबोला एका दुपारी विरघळू लागतो. जुन्या आठवणी निघतात, तो तिच्या जवळ सरकतो. आणि इतक्यात त्याच्या हातातली बिअर कोचावर सांडेल या भीतीने ती त्याला सावध करते. कोच चार हजार डॉलरांचा, वर इटालियन रेशीम. झाले! तो चिडतो, क्षण निसटतो. या प्रवेशावर एक पक्ष म्हणाला, वस्तूंच्या लोभाने माणसे कशी वाळून जातात याचे इतके नेमके दर्शन दुसरे नाही. दुसऱ्या पक्षाने विचारले, तो कोच रोज पुसते कोण? नवरा मर्जीनुसार नोकरी सोडून बसला असता घराचे हप्ते भरावयाचे कोणी? नवऱ्याचा पोरकटपणा हे बंड, आणि बायकोची काळजी हा मात्र लोभ, हा न्याय कोणता?

आक्षेप एवढ्यावर थांबले नाहीत. शाळकरी मुलगी ही प्रौढ पुरुषाच्या स्वप्नाची बाहुली म्हणून दाखविली आहे, असे काहींना वाटले. मनातली समलिंगी ओढ दडपून ठेवणारा आणि म्हणूनच हिंसक झालेला कर्नल, हा ठोकळेबाज साचा आहे असे इतर काही म्हणाले. वाऱ्यावर भिरभिरणारी प्लास्टिकची रिकामी पिशवी शेजारचा मुलगा सौंदर्याचा साक्षात्कार म्हणून दाखवितो. तो प्रवेश पाहून कित्येकांचे डोळे पाणावले, तर कित्येकांना हसू आवरेना. आणि सर्वांत मोठा आक्षेप असा की, उपनगरात राहणाऱ्या लक्षावधी साध्या माणसांकडे ही कृती वरून खाली पाहते.

हा शेवटचा आक्षेप नीट समजावयाचा तर पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अमेरिकेत घरांची विलक्षण टंचाई होती. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांना घरासाठी कर्जाची हमी मिळाली होती. पण घरे कोठे होती? न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर बटाट्याची शेते होती. तेथे १९४७ साली लेव्हिट आणि मंडळींनी एकाच नमुन्याची घरे झपाट्याने बांधावयास घेतली. कारखान्यात मोटार तयार होते त्याच्या उलट हा प्रकार होता: वस्तू जागेवर आणि कामगारांच्या टोळ्या फिरत्या. एक टोळी पाया घाली, दुसरी भिंती उभ्या करी, तिसरी रंग देई. १९५१ पर्यंत तेथे १७,००० हून अधिक घरे उभी राहिली. १९४९ साली निघालेल्या नव्या नमुन्याच्या घराची किंमत होती ७,९९० डॉलर. सासऱ्याच्या घरातल्या एका खोलीत तान्हे मूल घेऊन राहणाऱ्या जोडप्याला हे घर म्हणजे स्वर्गच वाटला असेल, तर त्यात नवल काय?

पण हा स्वर्ग सर्वांसाठी नव्हता. लेव्हिटटाउनच्या करारांत गोऱ्यांवाचून इतरांना राहू देऊ नये अशी अट होती. अशा अटी न्यायालयांनी अमलात आणू नयेत असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली दिला. पण प्रघात मोडला नाही. १९५७ साली पेन्सिल्व्हेनियातल्या लेव्हिटटाउनमध्ये मायर्स हे कृष्णवर्णी कुटुंब राहावयास आले, तेव्हा घरासमोर जमाव जमला आणि खिडकीवर दगड आले. हिरवळीच्या इतिहासातले हे पान विसरता येत नाही. आणि ‘अमेरिकन ब्यूटी’तल्या रस्त्यावर कृष्णवर्णी शेजारी दिसत नाहीत, याचेही मूळ येथेच आहे.

ही घरे उभी राहताच त्यांच्यावर टीका सुरू झाली. १९५६ साली विल्यम व्हाइट यांनी ‘द ऑर्गनायझेशन मॅन’ या ग्रंथात शिकागोजवळच्या एका उपनगराचे वर्णन करून तेथील माणसे एकाच साच्याची कशी होत आहेत ते दाखविले. १९६१ साली लुइस मम्फर्ड यांनी नगरांच्या इतिहासावरील आपल्या ग्रंथात या एकसारख्या घरांवर आणि एकसारख्या जिण्यावर कठोर कोरडे ओढले. १९६३ साली बेटी फ्रीडन यांनी याच घरांतल्या सुशिक्षित गृहिणीच्या घुसमटीला वाचा फोडली.

याच सुमारास हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाने एक निराळी गोष्ट केली. न्यू जर्सीत लेव्हिटटाउन नावाचीच नवी वसाहत होत होती. १९५८ साली त्याने तेथे घर घेतले, दोन वर्षे शेजारी म्हणून राहिला आणि १९६७ साली ‘द लेव्हिटटाउनर्स’ हा ग्रंथ लिहिला. त्याला आढळले ते टीकाकारांना न रुचणारे होते. बहुतेक रहिवासी आपल्या घरावर संतुष्ट होते. ती सारी एकाच साच्याची नव्हती, खिन्नही नव्हती. मात्र त्याने दोन अपवाद प्रामाणिकपणे नोंदविले. आईवडिलांपासून दूर पडलेल्या काही स्त्रिया एकाकी होत्या. आणि वयात येणाऱ्या मुलांना त्या वसाहतीत करण्याजोगे काही नव्हते, ती कंटाळली होती.

आता हे सारे ध्यानात घेऊन पुन्हा आपल्या गृहनाट्याकडे वळा. २००० सालच्या जनगणनेत अमेरिकेतली निम्मी वस्ती उपनगरांत राहत होती. म्हणजे ‘अमेरिकन ब्यूटी’ पाहून बाहेर पडणारी जवळजवळ निम्मी माणसे तसल्याच एखाद्या रस्त्यावर परत जात होती. त्यांना सौंदर्याचे तत्त्वज्ञान नको होते. त्यांना विचारावयाचे होते ते एवढेच: हा मनुष्य आमच्या घरात राहून लिहितो आहे, की रस्त्यावरून जाता जाता खिडकीतून डोकावून? मम्फर्ड आणि गॅन्स यांचा जुना वादच जणू पुन्हा उभा राहिला होता. मुलीच्या कंटाळ्यात आणि कर्नलाच्या मूक पत्नीच्या चेहऱ्यात ज्यांना घरातला माणूस दिसला, ते कृतीच्या बाजूचे झाले; कॅरोलिनच्या चित्रात ज्यांना वाटसरूची थट्टा दिसली, ते विरुद्ध गेले.

येथे या चित्रपटाच्या घडणीतली एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमच्या मते सर्व वादाची किल्ली तीत आहे. मूळ पटकथेत प्रारंभी आणि शेवटी न्यायालय व तुरुंग होते. लेस्टरच्या खुनाबद्दल त्याची मुलगी आणि तिचा मित्र यांच्यावर खटला चालतो. बापाला कोणी मारावे असे मुलगी थट्टेत बोलली होती, ते बोलणे मित्राच्या कॅमेऱ्यात साठलेले असते. त्या पुराव्यावर दोघे निरपराध असूनही दोषी ठरतात. हे प्रवेश चित्रित झाले होते. संकलन करताना मेंडिसने ते सर्व काढून टाकले. मुलीच्या त्या बोलण्याचा तुकडा तेवढा आरंभी राहिला.

या कापाकापीचा परिणाम मोठा झाला. पडद्यावरचे न्यायालय गेले, परंतु खटला राहिला. आणि न्यायाधीशाच्या रिकाम्या खुर्चीवर प्रत्येक प्रेक्षक जाऊन बसला. दोषी कोण? नवरा, बायको, शेजारी, की ते लाल दाराचे घरच? लेखकाने निकाल दिला असता तर प्रेक्षक तो मान्य करून किंवा नाकारून मोकळे झाले असते. तो न दिल्यामुळे प्रत्येकाला आपल्या संसारातला पुरावा आणून जोडावा लागला. म्हणूनच एकाच रांगेत बसलेल्या पतिपत्नींचे निकाल निराळे झाले.

आणि निकाल काळाप्रमाणे बदलतही गेले. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर लेस्टरचे दुःख अनेकांना सुखवस्तू माणसाचे चोचले वाटू लागले. ज्या पिशवीवरून तो प्रसिद्ध प्रवेश सुचला, ती बॉलने न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राजवळच उडताना पाहिली होती, हा योगायोग चटका लावणारा आहे. २००५ साली ‘प्रीमिअर’ या चित्रपटविषयक मासिकाने वाजवीपेक्षा अधिक गाजलेल्या चित्रपटांच्या यादीत याचे नाव घातले. २००८ साली मेंडिसनेच रिचर्ड येट्स यांच्या १९६१ च्या ‘रेव्होल्यूशनरी रोड’ या कादंबरीवर चित्रपट काढला. त्यातही उपनगरातलेच घर आहे, परंतु घुसमट मुख्यतः पत्नीची आहे. कॅरोलिनला न मिळालेली सुनावणी तेथे एप्रिल नावाच्या स्त्रीला मिळाली, असे आम्हांला वाटते. २०१७ साली प्रमुख नट केव्हिन स्पेसी यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप झाले. लंडनमध्ये चाललेल्या खटल्यात २०२३ साली ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरविले. पण मधल्या काळात पुष्कळ प्रेक्षकांना लेस्टर आणि ती शाळकरी मुलगी यांचे प्रवेश पूर्वीच्या डोळ्यांनी पाहवेनात. फीत तीच, पाहणारे डोळे निराळे.

१९६५ च्या कायद्यानंतर अमेरिकेचे दार आशियातल्या लोकांना अधिक उघडे झाले, आणि आमच्याकडचे अनेक डॉक्टर, इंजिनिअर न्यू जर्सीसारख्या राज्यांतल्या उपनगरांत स्थायिक झाले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडातून गेलेल्या माणसाला दारापुढची हिरवळ ही कैद वाटणार नाही, कमाई वाटेल. त्याच घरात वाढलेल्या त्याच्या मुलीला मात्र ती जेनइतकीच कंटाळवाणी वाटू शकेल. यात खोटे कोणीच बोलत नाही. घर एकच असते. त्यात शिरण्याचे दरवाजे निराळे असतात.

चित्रपटाला ज्या गुलाबाचे नाव आहे, तो गुलाबही मूळचा अमेरिकन नव्हे. फ्रान्समध्ये तयार झालेली ती जात अमेरिकेत गेली आणि तेथे तिला हे नवे नाव मिळाले. नावावरून फुलाची कुळी सांगता येत नाही, तद्वत एखाद्या गाजलेल्या कलाकृतीवरून एका पिढीच्या संसाराचा निकाल सांगता येत नाही. इतिहासाचा अभ्यासक अशी कृती साक्षीदार म्हणून बोलावतो. तिला न्यायासनावर बसवीत नाही. आणि तो दुसरेही साक्षीदार बोलावतो: दोन वर्षे शेजारी राहिलेला गॅन्स, खिडकीवर दगड झेललेले मायर्स दांपत्य, कोच पुसणारी गृहिणी.

म्हणून घरी जाताना वाटेत तुमचे एकमत झाले नाही, तर वाईट वाटून घेऊ नका. ‘हे आपल्याच घरातले होते’ असे सोबतचे माणूस म्हणाले, तर नाटकाची बाजू घेण्यापूर्वी किंवा त्याला झोडपण्यापूर्वी थोडे थांबावे, आणि ‘आपल्या घरातले म्हणजे नेमके कोणते?’ एवढे विचारावे. बर्नहॅमांच्या मेजावर हा प्रश्न कोणी कोणाला विचारला नाही.