पन्नास हजार खोल्यांचा वायदा

१९२० साली मुंबई सरकारने विकास खातं काढलं, तेव्हा गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारभाराने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचं उद्दिष्ट जाहीर केलं होतं. उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध बोळासारखी लांबलचक लॉबी, तिच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे एका चाळीत ८० आणि सगळ्या मिळून साडेसोळा हजार; वायद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. या विकास खात्याच्या, म्हणजे बीडीडी चाळींमधल्या माणसांविषयी, त्यांच्या चळवळींविषयी मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. पण उरलेले दोन हिस्से का बांधले गेले नाहीत, हे फारसं कुणी विचारत नाही. मला तो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर मुंबईच्या पुढच्या शंभर वर्षांनाही लागू पडतं. घरांचा आकडा सरकार ठरवतं. त्यासाठी लागणारा पैसा मात्र बाजाराच्या तेजीतून येईल, असं धरून चालतं.

याची सुरुवात लॉइडच्याही आधीची. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि बेघर झालेल्यांना चाळी द्यायच्या, असं त्याचं काम. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट झाले, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती झाल्या. परळ, आग्रीपाडा, चंदनवाडी, इमामवाडा इथे ट्रस्टच्या, म्हणजे बीआयटी चाळीही झाल्या. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षं काढली. परंतु ट्रस्टला कर्ज काढून, व्याज भरून आणि जमिनीच्या उत्पन्नावर चालायचं होतं. रस्ता केला की कडेची जमीन महाग होते, चाळ बांधली की तोटा येतो. अशा हिशेबात पाडकाम पुढे धावलं आणि बांधकाम मागे राहिलं. पाडलेल्या घरातला माणूस शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत शिरला.

लॉइडच्या खात्याने पैसा उभारला तो विकास कर्जातून आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया घेऊन. पहिल्या महायुद्धानंतरच्या तेजीत ही कल्पना चोख वाटली असणार: गिरण्या कमावताहेत, त्यांच्याच कापसावरच्या जकातीतून त्यांच्या कामगारांना घर. पण तेजी दोन-तीन वर्षांत ओसरली, गिरणीधंदा मंदीत गेला, आणि त्याच खात्याच्या बॅक बे इथल्या समुद्रातल्या भरावाचा खर्चही हाताबाहेर गेला. चाळींचं काम आवरतं घेण्यात आलं. शिवाय बांधकामाचा खर्च निघेल एवढं भाडं गिरणीकामगाराला झेपणारं नव्हतं. ते कमी करूनही वरळीच्या खोल्या वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या. सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारने तिथल्या चाळी सत्याग्रहींसाठी तुरुंग म्हणून वापरल्या. यावर त्या वेळचा युक्तिवाद असा होता की, कामगारांना चांगली घरं नकोच आहेत. तो पटण्याजोगा नाही. त्याच दिवसांत गिरणगावात एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं आणि वर पाळीप्रमाणे झोपणारे गडी राहत होते. बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची, आत मोरी, संडास सामाईक. तिच्यासाठी जास्त भाडं मोजायचं आणि पहाटेच्या पाळीला वरळीहून पायपीट करायची, हे कामगाराच्या गणितात बसत नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर थोडा काळ वेगळा प्रयोग झाला. मुंबई राज्याने हाउसिंग बोर्ड नेमलं आणि १९५२ च्या औद्योगिक कामगार गृहनिर्माण योजनेत केंद्राने राज्यांना निम्मी रक्कम अनुदान आणि निम्मी कर्ज म्हणून देऊ केली. विक्रोळीचं कन्नमवारनगर, चेंबूरचं टिळकनगर, कुर्ल्याचं नेहरूनगर ही बोर्डाच्या वसाहतींची नावं प्रत्येक मुंबईकराला ठाऊक आहेत. ही घरं गरजेच्या मानाने थोडी होती आणि ती मुख्यतः पगारपत्रक असलेल्यांना मिळाली. हमाल, मोलकरीण, नाक्यावरचा मजूर बाहेरच राहिला. हा आक्षेप खरा आहे. तरीही या काळात घराचा खर्च सरकारी अंदाजपत्रकात लिहिलेला होता, म्हणून त्याचा जाब विचारता येत होता.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युती सरकारने झोपडपट्टीतल्या ४० लाख लोकांना आठ लाख मोफत घरं द्यायचं ठरवलं आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आणलं. तिजोरीतून खर्च नाही: बिल्डरने झोपडीधारकाला २२५ चौरस फुटांचं घर बांधून द्यायचं, बदल्यात वाढीव एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा घेऊन उरलेली घरं बाजारभावाने विकायची. पाव शतक उलटल्यावरही त्या आठ लाखांपैकी निम्मी घरंसुद्धा झाली नव्हती. कारण उघड आहे. बिल्डर जातो तो विक्रीचा भाव चढा असलेल्या जागी. टेकडीच्या उतारावरची, रेल्वेच्या रुळांलगतची वस्ती योजनेत असूनही नसल्यासारखी. बंद पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींचंही तेच झालं. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश वाटा सार्वजनिक घरांसाठी होता; २००१ मध्ये तो फक्त मोकळ्या जमिनीपुरता धरला आणि हातात फार थोडं उरलं. पुढे घरासाठी दीड लाखाच्या आसपास कामगारांनी आणि वारसांनी अर्ज केले.

सरकारकडे पैसा कुठे आहे, असं यावर नेहमी विचारलं जातं. त्याला माझं उत्तर असं की, एफएसआय हाही सार्वजनिक पैसाच आहे. वाढीव मजल्यांचं पाणी, मलनिस्सारण, रस्ते, शाळा यांचा भार शहरच उचलतं. फक्त तो खर्च विधिमंडळासमोर येत नाही, त्यावर चर्चा होत नाही आणि कुणाला किती मिळालं हेही लोकांना कळत नाही. दुसरं म्हणणं, घरं दिली की लोंढे वाढतात. मुंबई जेव्हा घरं बांधत नव्हती तेव्हाही माणसं येतच होती, कारण ती कामासाठी येतात. १९८१ च्या पावसाळ्यात फुटपाथवरच्या झोपड्या उचलून माणसं शहराबाहेर धाडली गेली. त्यावरच्या खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं मान्य केलं.

या साऱ्या व्यवहारात सर्वांत मागे राहतो तो उघड्यावर झोपणारा. २०११ च्या जनगणनेत असे सुमारे ५७ हजार लोक बृहन्मुंबईत मोजले गेले. त्यांच्याकडे पाडण्याजोगी झोपडी नाही, म्हणून त्यांच्या नावावर एफएसआय निघत नाही आणि बिल्डरला त्यांचा उपयोग नाही. त्यांच्यासाठी लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये घालून दिला. त्या हिशेबाने मुंबईत सव्वाशे निवारे हवेत. तेवढे उभे राहिलेले नाहीत.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. काम सरकारच्या गृहनिर्माण संस्थेचं, म्हाडाचं आहे, पण त्याचाही खर्च विक्रीच्या घरांतूनच निघायचा आहे. त्या कुटुंबांचा आनंद रास्त आहे, चार पिढ्यांनी वाट पाहिली. आता पुढच्या वेळी कुणी लाखो घरांची घोषणा केली, तर वाचकांनी अर्थसंकल्प उघडून त्या आकड्यासमोर किती रुपये लिहिले आहेत ते पाहावं आणि आपल्या आमदाराला विचारावं.