चांदाला दोन दिवस होते

आमच्या दादीला तारीख-वार ठाऊक नसत. लिहिता-वाचता येत नव्हते. पण तिच्या एका गोष्टीची सुरुवात ठरलेली असे, ‘‘रमजानच्या चांदाला दोन दिवस होते. पाऊस कोसळत होता.’’ मग तिचा धाकटा भाऊ मुंबईहून बोटीने निघे आणि घरी कधीच पोहोचत नसे.

अलिबाग तालुक्यातल्या आमच्या गावी रमजानच्या तोंडावर दादी ही गोष्ट सांगायचीच. तो घरचा रिवाजच होता. कॉलेजात गेल्यावर मात्र मला वाटू लागले, म्हातारीच्या आठवणींवर किती विसंबायचे?

पुढे ‘रामदास’ बोटीविषयी वाचनात आले. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. त्या दिवशी आषाढातली अमावास्या, म्हणजे गटारी होती. मी हिशेब करायला बसलो. १५ ऑगस्ट १९४७ ला सत्ताविसावा रोजा होता. उलटे मोजत गेलो, तर पहिला रोजा आला २० जुलैला. म्हणजे चांद १९ च्या संध्याकाळचा. दादीचे दोन दिवस अगदी बरोबर होते!

जुन्या माणसांना सन विचारला, तर ती गप्प बसतात. पण ‘मानमोडीच्या साथीत आजा गेला’ म्हटले की १९१८ साल कळते. ‘सुकडी खाऊन दिवस काढले’ म्हटले की १९७२ चा दुष्काळ. म्हणून त्यांना सन विचारू नये. सण कुठला जवळ होता, शेतात काय उभे होते, असे विचारावे. साल आपण शोधावे.

मला हे सुचले तेव्हा दादी हयात नव्हती. उरली होती फुफी. तिला विचारले, तर तिच्या गोष्टीत मामाच्या पिशवीत बांगड्या निघाल्या. दादीच्या गोष्टीत खजूर असायचा. खरे काय? मी वहीत दोन्ही लिहिले आणि कोणी काय सांगितले, तेही लिहिले. मधल्या पन्नास वर्षांत कोणाच्या मनात काय रुतून बसले, हीसुद्धा घराण्याची हकीकतच आहे.

बोटीत किती माणसे होती, ते कागदावर मिळते. बहिणीसाठी पिशवीत काही घेऊन निघालेला एक पोरगा मात्र फक्त आमच्या घरात आहे. त्याची कबर नाही, फोटो नाही. आता रमजानच्या आधी मीच मुलांना जवळ बसवून ती गोष्ट सांगतो. मागच्या खेपेला नातीने विचारले, ‘‘तो दिसायला कसा होता?’’

हे मी दादीला कधी विचारलेच नाही. फुफी तेव्हा पाळण्यात होती. सांगणारे आता कोणी नाही.

तुमच्या घरी असेल, तर आजच विचारा.