बालकांचे प्राण आणि मंडळीची सेवा

आरोग्यदानाची सेवा कोणाची, रुग्णालयाची की मंडळीची? 1964 साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे भरलेल्या ख्रिस्ती विचारसभेने हे दायित्व प्रथमतः मंडळीचेच असल्याचे प्रतिपादिले. त्या विचाराचा प्रत्यय जामखेड येथे आला. 1970 साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने तेथे कार्य आरंभिले, तेव्हा त्या परिसरात दर हजार जन्मांमागे सुमारे 176 अर्भके वर्षाच्या आत दगावत. अतिसार, धनुर्वात, कुपोषण ही कारणे गावातच टाळता येण्याजोगी होती. म्हणून गावांनीच निवडलेल्या, बहुधा निरक्षर व कित्येक दलित अशा स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. मीठ-साखरेचे पाणी, स्वच्छ बाळंतपण व पूरक आहार यांचे ज्ञान त्यांनी घरोघरी नेले. शतकाच्या अखेरीस ते प्रमाण 30 च्या खाली आले. 1978 च्या आल्मा-आटा परिषदेने पुरस्कारिलेल्या प्राथमिक आरोग्यसेवेमागे अशाच अनुभवांचे बळ होते.

याईराच्या कन्येला उठविल्यावर प्रभूने तिला खावयास देण्याचे काम घरच्यांवर सोपविले. आमच्या मंडळीत जन्मलेल्या बालकाच्या पहिल्या वर्षाची काळजी कोण वाहतो, हे आम्ही पाळकांनी व धर्मशिक्षकांनी स्वतःस विचारावे.