कणसांचे फेस्त

ऑगस्ट उजाडला की मला साष्टीतल्या राय गावाची आठवण येते. पुष्कळ वर्षांपूर्वी एका मित्राच्या आग्रहाखातर ५ ऑगस्टला मी तिथे गेलो होतो. नोसा सिन्योरा द नेव्हिस, म्हणजे बर्फाच्या सायबिणीचे हे चर्च. ज्या गावाने कधी बर्फ पाहिले नाही त्या गावाची ही सायबीण! पावसाची भुरभुर चालू होती. बँडच्या साथीने मिरवणूक शेतात गेली, पाद्रीने भाताच्या कणसांना आशीर्वाद दिला, विळ्याने पहिली कणसे कापली आणि लोक ती घरी घेऊन गेले. मित्राच्या आईने आपल्या वाट्याचे कणीस घरातल्या अल्तारावर ठेवले, हात जोडले आणि मगच आमच्यापुढे ताट मांडले.

मला एकदम आमचे घर आठवले. चवथीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे ‘नवे’ असते. शेतातली कणसे आणून त्यांची पूजा करायची आणि दाराला बांधायची. त्या पहिल्या कणसाचे दाणे प्रसाद म्हणून तोंडात घातल्याखेरीज नवा तांदूळ घरात शिजत नसे. माझ्या आईचे हात आणि मित्राच्या आईचे हात कणीस धरताना अगदी सारखे दिसतात, हे मी त्या दिवशी पाहिले. तेव्हापासून एक प्रश्न मनात घर करून आहे. सोळाव्या शतकात साष्टीत जे चर्च नुकतेच जन्माला आले होते, त्या कोवळ्या चर्चमध्ये लोक सण कसे साजरे करीत असतील? त्यांना आनंद होत असेल का?

हा प्रश्न विचारणे मला सोपे नाही, हे वाचकांपासून लपवत नाही. आमची कुलदेवता म्हाळसा. ती मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी साष्टीतली देवळे मोडायला सुरुवात केली तेव्हा तिला नदीपलीकडे अंत्रूज महालात, म्हार्दोळला न्यावे लागले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे मोठ्या संख्येने पाडली गेली. लहानपणी आजी वेर्ण्याचे नाव निघाले की क्षणभर गप्प होत असे. चारशे वर्षांपूर्वीच्या गोष्टीचे दुःख असे वारसाहक्काने आमच्याकडे आलेले आहे. त्यामुळे त्या चर्चच्या आनंदाबद्दल लिहायला बसलो की आजीचा तो चेहरा समोर येतो.

पण आजीच्या गोष्टीत एक माणूस नेहमी सुटून जायचा. जे देवाला डोक्यावर घेऊन नदी ओलांडून गेले त्यांची गोष्ट आम्ही ऐकली. जे मागे राहिले त्यांचे काय? त्यांच्याकडे होडी नसेल, जमीन सोडवली नसेल, घरात म्हातारी माणसे असतील, कुणाला खरोखरच नवा धर्म पटलाही असेल. ते राहिले आणि ख्रिस्ती झाले. त्यांचा देव तर गेलाच, त्याबरोबर वर्षाचे सगळे सण गेले. जत्रा नाही, पालखी नाही, शिगम्याचे ढोल नाहीत, दुपारी देवळात बसून ऐकायचे पुराण नाही. सण नसलेले गाव म्हणजे काय असते याची कल्पना करून पाहा. माणसे एकत्र यायची ती कशासाठी?

या रिकामेपणाची साक्ष आपल्याला मिळते ती, योगायोगाने, मराठीत. इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला आणि पुढचे बहुतेक आयुष्य त्याने साष्टीत काढले. १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि त्याच्या बदल्यात पोर्तुगिजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकरांना असोळणेच्या किल्ल्यात बोलावून मारले, तेव्हा हा माणूस गोव्यातच होता. म्हणजे दोन्हीकडचे रक्त त्याच्या काळात सांडलेले. या स्टीफन्सने आपल्या ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी एक प्रसंग सांगितला आहे. तो मुलांना ख्रिस्ती शिकवण देत असताना तिथे हजर असलेला एक ब्राह्मण पुढे येऊन म्हणतो की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही?

या एका प्रश्नात मला ते अख्खे कोवळे चर्च दिसते. तो माणूस ख्रिस्ती झाला होता, पण प्रार्थना पाठ करून त्याचे पोट भरत नव्हते. त्याला गोष्ट हवी होती, लांबच लांब, ओवीत बांधलेली, चारचौघांत बसून ऐकण्यासारखी. धिटाई तर पाहा! तुम्ही काढून घेतलेत, आता तुम्हीच द्या, असे तो पाद्रीला तोंडावर सांगतो.

आणि पाद्रीने दिले. १६१६ साली राशोलच्या छापखान्यात ‘ख्रिस्तपुराण’ रोमी लिपीत छापून झाले. सुमारे अकरा हजार ओव्या. भाषा मराठी, मधून मधून कोकणी शब्दांची पेरणी. स्वर्गाला त्यात वैकुंठ म्हटले आहे. रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये या पुराणाचे वाचन होऊ लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये ते पुन्हा छापावे लागले, यावरून त्याचा खप ध्यानात यावा. त्याच वाटेने १६२९ मध्ये एतिएन द ला क्र्वा या फ्रेंच जेझुइटाचे सेंट पीटरवरचे मोठे काव्य आले, तेही मराठी ओवीतच. कल्पना करा, नाताळाचा दिवस, चर्चमध्ये पाय मोडून बसलेली बायामाणसे, कडेवर पोरे, आणि कोणीतरी ओवीच्या चालीवर येशूजन्माची कथा वाचतो आहे. देव नवा होता, पण कानांना चाल ओळखीची होती. माणूस परक्या घरात आला तरी आईच्या आवाजात कोणी हाक मारली तर थबकतो, तसे त्यांचे झाले असेल.

सणांचा दुसरा आधार गावकरी. पोर्तुगिजांनी आमची गावकरी मोडली नाही, कारण महसूल तिच्यामार्फतच गोळा व्हायचा. १५४१ मध्ये तिसवाडीतल्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती कार्याकडे वळवले गेले आणि पुढे हीच रीत इतरत्र आली. ज्या गावकरांनी देवळाचा उत्सव सांभाळायचा तेच आता चर्चचे फेस्त सांभाळू लागले. पालखीचा मान होता, तिथे प्रेसिदेंतीचा मान आला. देवळाच्या समितीची जागा कोंफ्रारियाने घेतली. उत्सवाचा खर्च वर्षाकाठी पाळीपाळीने उचलायचा, ही पद्धत गावच्या अंगवळणी पडलेली होतीच. संगीताचीही तीच गत. गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात इथल्या मुलांना गायन-वादन शिकवीत. तिथे २५ जानेवारीला सेंट पॉलच्या सणाला मोठ्या प्रमाणात बाप्तिस्मे होत आणि मिरवणुका निघत. देवळात वाजणारे हात चर्चमध्ये व्हायोलिनवर बसले. गोव्याच्या घराघरांत आज जे संगीत आहे त्याची एक मुळी तिथे आहे.

पण हे चित्र फार गोड करू नये. देवळातला मान चर्चमध्ये आला, तशी जातही आली. कोंफ्रारियात कोण बसणार, मिरवणुकीत कोणाच्या अंगावर ओपमूस चढणार, फेस्ताचा यजमान कोण होणार, यावरून साष्टीतल्या गावांत पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली. सगळे एका देवाची लेकरे असे प्रवचनात ऐकून बाहेर आलेली माणसे अंगणात पुन्हा आपापल्या पायरीवर उभी राहात. कुणबी शेतात राबला, पण कणसाच्या मिरवणुकीत पुढे चालला गावकर. त्यांच्या एकत्र असण्याला ही मर्यादा होती, आणि ती आमच्याकडूनच गेलेली होती.

तरीही वर्षाचे चक्र भरून आले. नाताळाच्या मध्यरात्रीची मिसा. ६ जानेवारीला रेइस मागुश आणि चांदरला गावातलीच तीन मुले राजे होऊन निघतात. चांदरला इंत्रुजात मुसळ खेळ होतो, मुसळे आपटीत ख्रिस्ती मंडळी नाचतात आणि जुन्या राजांच्या आठवणी जागवतात. चांदर म्हणजे एके काळची चंद्रपूर राजधानी, हे तिथल्या मातीला विसरता आलेले नाही. मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसापाशी लदाईन होते, उकडलेले चणे वाटले जातात. २४ जूनला सांजांव, डोक्यावर पानाफुलांचे कोपेल घालून विहिरीत उड्या आणि नव्या जावयाचा मान. आणि ऑगस्टात कणसांचे फेस्त, रायला ५ तारखेला, ताळगावला २१ ला. पाऊस, विहीर, भात, जावई. रोमहून आलेल्या संतांनी आमच्या ऋतूंशी अशी सोयरीक केली. खरे तर ती सोयरीक लोकांनीच जुळवली.

राज्यकर्त्यांना मात्र हे आवडले नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी आपली बोली सोडून पोर्तुगीज बोलावे. आणि १७३६ मध्ये इन्क्विझिशनने एक लांबलचक जाहीरनामा काढला. अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ च्या ग्रंथात त्याची माहिती दिली आहे. लग्नात ओव्या गाऊ नयेत. वधूवरांना हळद आणि नारळाचा रोस लावू नये. विडे वाटू नयेत. पुरुषांनी पुडवे आणि बायकांनी चोळी घालू नये. अंगणात तुळस ठेवू नये.

ही यादी मी पहिल्यांदा वाचली तेव्हा संतापलो. दुसऱ्यांदा वाचली तेव्हा मात्र वेगळेच काही दिसले. जी गोष्ट कोणी करीतच नाही तिच्यावर बंदी घालावी लागत नाही. बाटल्याला पावणेदोनशे वर्षे होत आली तरी ख्रिस्ती घरांत ओव्या चालू होत्या, हळद लागत होती, विडे वाटले जात होते, तुळस उभी होती. जाहीरनामा लिहिणाऱ्याने नकळत त्या लोकांच्या सुखाची नोंद करून ठेवली. मोडायला निघाला आणि जपून ठेवून गेला! आजही गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरीला रोस लागतो, बायका ओव्या-वेर्स म्हणतात. १८१२ मध्ये इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. रोस अजून आहे.

पुराणाचे नशीब मात्र तसे बलवत्तर ठरले नाही. छापून निघालेल्या त्या तीनही आवृत्त्यांची एकही प्रत आज हाती नाही. ते वाचले ते परगावी. दुष्काळ, लढाया, कर आणि इन्क्विझिशन यांना कंटाळून गोव्याचे जे ख्रिस्ती दक्षिणेला कानडी मुलुखात गेले, त्यांनी जाताना पुराणाच्या हस्तलिखित प्रती बरोबर नेल्या. टिपूने १७८४ मध्ये त्यांना श्रीरंगपट्टणला कैदेत नेले, त्या वर्षांत याच ओव्यांनी त्यांना धीर दिला असे सांगतात. त्या घरांत राहिलेल्या प्रतींवरून जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पुराण पुन्हा छापले. पुढे १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी ते देवनागरीत आणले. आणि त्याच मंगळुरी लोकांत ८ सप्टेंबरला मोंती फेस्त होते. मुले नऊ दिवस सायबिणीला फुले वाहतात, नवे कणीस आशीर्वाद घेऊन घरी येते, आणि त्या दिवशी जेवण शाकाहारी, केळीच्या पानावर. गोवा सोडून जाताना माणसांनी दोन गोष्टी बरोबर घेतल्या, पुराण आणि कणीस. आमच्या माणसांनीही वेर्ण्याहून देव नेला तो असाच उराशी धरून.

आता आजीचा चेहरा समोर आला की मी तिला मनातल्या मनात एवढेच सांगतो. बाये, देऊळ मोडले हे खरे, ते विसरायचे नाही. पण मागे राहिलेल्यांनी आपले घर पुन्हा उभे केले तेही खरे. धाकाने माणसे बाटवता येतात, सण साजरे करायला लावता येत नाहीत. सण माणसे आपणहून करतात, शेजाऱ्याला हाक मारून करतात. त्या चर्चला जीव आला तो त्या हाकांमुळे.

चवथीला आमच्याकडे नेवऱ्या होतात. नाताळाला शेजाऱ्यांकडे बिबिंक, दोदोल, कुलकुलां आणि पुन्हा नेवऱ्याच. आमच्या ताटलीवर विणलेला रुमाल घालून त्यांची ताटली परत येते. आत सारण तेच, खोबऱ्याचे. मुरडीचा हात तेवढा वेगळा.