मैल्याचा हिशेब : सार्वजनिक रुग्णालये आणि डायपर

इतिहास म्हटला की आपल्याकडे तख्त, तह आणि तलवारी आठवतात. ज्यांनी डोक्यावर मैल्याची पाटी वाहिली त्यांच्याबद्दल दफ्तरात काही सापडत नाही, असे आपले अभ्यासक म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. ही माणसे दफ्तरात आहेत, पण खर्चाच्या रकान्यात आहेत. सार्वजनिक रुग्णालयात रोग्याच्या मलमूत्रासाठी पैसा कोण मोजतो आणि ते मलमूत्र शेवटी कोणाच्या हाती पडते, एवढा एकच प्रश्न लावून धरला तरी दीडशे वर्षांची समाजरचना उघडी पडते.

मुंबईत जे. जे. रुग्णालय 1845 मध्ये, पुण्यात ससून 1867 मध्ये आणि परळला के. ई. एम. 1926 मध्ये सुरू झाले. अंथरुणाला खिळलेल्या रोग्यासाठी तेव्हाची साधने म्हणजे बेडपॅन, मेणकापड आणि धुऊन पुन्हा वापरायच्या चादरी. त्यामागचा खर्च फिनेल, साबण, धोबी आणि मेहतराचा पगार असा होता. डॉक्टर, परिचारिका ही कामाची नावे. मेहतर हे मात्र जातीचेच नाव हुद्दा म्हणून वहीत चढले होते. त्या जातीच्या श्रमावर शहर किती अवलंबून होते हे 1890 च्या मुंबई म्युनिसिपल सर्व्हंट्स कायद्यावरून कळते. आगाऊ सूचना न देता काम सोडणे हा सफाईच्या नोकरांच्या बाबतीत त्या कायद्याने गुन्हाच ठरवला. गिरणीत खाडा केला तर रोजगार बुडे. झाडूवाल्याला मात्र तुरुंगाची भीती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

स्वातंत्र्यानंतर समित्या आल्या. मुंबई सरकारने 1949 मध्ये बर्वे समिती नेमली, केंद्राने 1957 मध्ये मलकानी समिती नेमली. डोक्यावरून मैला वाहणे बंद व्हावे असे दोन्ही समित्यांनी सांगितले. पुढे लाड समितीच्या शिफारशींवरून 1975 मध्ये महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. उपाशी घराला त्याचा आधार झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण बापाच्या जागी मुलाला जे मिळाले ते झाडूच होते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

डायपर आला तो या परंपरेत. अमेरिकेत 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आले. 1980 च्या दशकात पाणी शोषून धरणारी रासायनिक भुकटी त्यात आली आणि मोठ्या माणसांचे डायपरही सोयीचे झाले. रोग्याच्या दृष्टीने ही सोय खरी आहे. मध्यरात्री भांड्यासाठी हाका मारत पडून राहण्यात कसली आली प्रतिष्ठा? प्रश्न सोयीचा नाही, हिशेबाचा आहे. बेडपॅन द्यायला दर वेळी माणूस लागतो आणि त्याचा पगार रुग्णालय देते. डायपर लावला की तेवढे माणूस वाचते. पण पुडा मात्र अनेक ठिकाणी रोग्याच्या नातेवाइकानेच बाहेरच्या औषधाच्या दुकानातून आणायचा असतो. मराठवाड्यातून आलेल्या शेतमजुराच्या बायकोने तो कसा आणला, हे कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही. 2018 मध्ये सॅनिटरी नॅपकिन करमुक्त झाले. डायपरवरचा 12 टक्के कर 5 टक्क्यांवर यायला सप्टेंबर 2025 उजाडावा लागला.

उरते विल्हेवाट. जैववैद्यकीय कचऱ्याचे पहिले नियम 1998 मध्ये आले, नवे 2016 मध्ये. रक्त किंवा संसर्गाचा स्राव लागलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत टाकाव्यात, पिशवीवर बारकोड असावा, प्रक्रियेविना कचरा 48 तासांपेक्षा जास्त ठेवू नये, तो हाताळणाऱ्याला कावीळ-ब आणि धनुर्वाताची लस द्यावी, असे त्यांत सांगितले. 2020 च्या साथीत कोविड रोग्याचा मैला असलेला डायपरही पिवळ्या पिशवीत गेला. एरवी ज्यावर रक्त नाही तो डायपर साध्या कचऱ्यात जातो, आणि पुढे कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात येतो. जेथे पिवळ्या पिशवीचे शुल्क वजनावर ठरते तेथे ओला, जड डायपर साध्या डब्यात ढकलण्याचा मोह कोणाला होईल हे सांगायला नको. जाळावा तर भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे 1050 अंश उष्णता लागते आणि ओल्या मालाला इंधन जास्त लागते. भट्टी नीट चालली नाही तर विषारी धूर वस्तीत शिरतो. मुंबईत अशी भट्टी गोवंडीत, डंपिंगच्या शेजारी होती. ती हलवावी म्हणून तिथल्या रहिवाशांना उच्च न्यायालयात जावे लागले.

कायद्याची भाषा येथे बारकाईने वाचली पाहिजे. हाताने मैला सफाईविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात अस्वच्छ संडास, उघडे गटार, खड्डा, रेल्वेमार्ग यांचा उल्लेख आहे. वॉर्डातल्या डायपरमधला मैला त्या व्याख्येत बसत नाही. शिवाय शासनाने ठरवलेली संरक्षक साधने वापरून काम करणारा त्या कायद्याने सफाई करणारा ठरतच नाही. म्हणजे हातमोजा चढवला की काम तेच राहते, कामगार मात्र व्याख्येबाहेर जातो. आणि तो कंत्राटदाराचा माणूस असेल तर रुग्णालयाच्या पगारपत्रकातही त्याचे नाव नसते. मेहतर हा अपमानास्पद शब्द गेला हे बरेच झाले. पण त्या शब्दाबरोबर कायमची जागा, रजा आणि निवृत्तिवेतन जायचे काय कारण होते?

म्हणून मागणी साधी आहे. डायपरचा पुडा रुग्णालयाच्या खरेदीत यावा. वापरलेल्या डायपरचे वजन आणि वाट नोंदली जावी. आणि तो उचलणाऱ्याचे नाव, त्याची लस आणि त्याचा पगार त्याच वहीत, त्याच पानावर असावा. हे पान लिहिले गेले तर पुढच्या अभ्यासकाला ही माणसे खर्चाच्या रकान्यातून शोधून काढावी लागणार नाहीत.