एका घराचे दोन दरवान

सुटे भाग आणून मी संगणक जुळवला. त्यावर विंडोज, उबुंटू आणि डेबियन टाकले. मग गोंधळ दिसला. बूटलोडरच्या याद्या दोन, एक उबुंटूची आणि एक डेबियनची, आणि दोन्हींत तीच तीन नावे. ओळखीचा दुरुस्तीवाला म्हणाला, "सगळे फॉरमॅट करा." डिस्कवर अब्बांच्या पत्रांचे स्कॅन होते. म्हणून आधी कारण शोधले.

कारण इतिहासात होते. जुन्या पीसीत डिस्कच्या पहिल्या 512 बाइटांपैकी 446 बाइटच बूटच्या कोडसाठी असत. जागा एकच, त्यामुळे नंतर आलेला आधीच्याला पुसून बसे. प्रत्येक प्रणालीला वेगळा बूटलोडर लागू नये, या विचारातून 1995मध्ये एरिक बोलेन यांनी ग्रब लिहायला घेतला. पुढे यूईएफआय आले. आता प्रत्येक प्रणालीला ईएफआय विभाजनात स्वतःचा फोल्डर आणि मदरबोर्डाच्या स्मृतीत स्वतःची नोंद मिळते. जागेचे भांडण मिटले, दरवान मात्र वाढले. शिवाय मी दोन्हीकडे ओएस-प्रोबर सुरू ठेवला होता. शेजारच्या प्रणाली शोधून यादीत घालणे हेच त्याचे काम.

म्हणजे बिघाड नव्हताच. आधी पत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली. एफीबूटएमजीआरने डेबियनला पहिला क्रम दिला, उबुंटूतला ओएस-प्रोबर बंद केला आणि तिथे अपडेट-ग्रब चालवले. उबुंटूचा फोल्डर पुसला नाही. डेबियन अडले, तर तोच मागचा दरवाजा. एवढेच लक्षात ठेवतो की उबुंटूचे कर्नल बदलले, की डेबियनमध्येही अपडेट-ग्रब चालवायचे.

पत्रे शाबूत आहेत.